आंधळ्या बाईचं नाव सापडलं

प्रिय आई-बाबा,
सा. न.

आई, हे तूच मोठ्याने वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस. बाबांना त्रास होईल असं वाटलं की तू वाचता वाचता ओळी खाऊन टाकतेस, अण्णाकाकांच्या पत्राचं तू तेच केलं होतंस, मला माहितीये.

गेले तीन रविवार फोनवर सांगायचं ठरवत होते आणि तिन्ही वेळा ड्रॉप्स घातले का, गिझरवाला आला का, एवढंच बोलून फोन ठेवला. म्हणून लिहितेय.

बाबा, आंधळी बाई, आपली ती दगडाची मूर्ती, आता चिपळूणला परत येणार नाहीये. ज्यांनी ती घडवली त्यांच्या नातीला मी ती दिली. तुम्हाला न विचारता दिली. आता बाकीचं नीट सांगते, रागवायचं ते सगळं ऐकून मग रागवा.

साफ करून, कोणी केली ते शोधून दिवाळीला परत आणते असं मी कबूल केलं होतं. आणि शोधायचं तर होतंच हो, तुम्हीच किती वर्षं सांगायचात, १९७४ ला इथे कॅनडात चर्चिल बंदराला गहू भरायला जहाज लागलं, सेकंड इंजिनियरकडून उसने घेऊन अठरा डॉलरला घेतली, दुकानदाराला विचारलं कोणी केली तर म्हणाला एस्किमोने. गोष्ट तिथेच संपायची आणि तुम्ही जरा वेळ गप्प बसायचात. (आता एस्किमो म्हणू नका हां, इथे ते वाईट दिसतं. इनुइट म्हणायचं. त्याचा अर्थच मुळी माणसं.)

पहिली गोष्ट म्हणजे ती काळी नाहीये. तुम्ही दर दिवाळीला बूट पॉलिश लावून फडक्याने घासायचात आणि मी शेजारी डबी धरून बसायचे, ते एवढ्या वर्षांचं काळं कापसाच्या बोळ्याने हळूहळू निघालं आणि खालून आईच्या पाट्यासारखा करडा दगड वर आला, अवजाराच्या खुणा स्वच्छ दिसणारा. मला आधी वाईट वाटलं की तुमचं पॉलिश काढलं. मग दिसलं की मूर्तीतल्या आईच्या कडेला जे आपण गाठोडं समजत होतो तिथे अजून दोन पोरांची तोंडं आहेत, पॉलिशने बुजलेली. म्हणजे पोरं तीन नाहीत, पाच आहेत बाबा!

दुसरं, तो सोपस्टोन नाही. सोपस्टोन म्हणजे आपलं संगजिरे, ज्याची टाल्कम पावडर होते, त्यावर नखानेसुद्धा ओरखडा उठतो. इथे दुकानात सगळ्याच कोरीवकामाला सरसकट सोपस्टोन म्हणतात, पण उत्तरेतल्या इनुइट गावांपैकी किन्गाइतकडचा तो सुंदर हिरवा दगड असतो सर्पेंटाइन, सानिकिलुआकचा असतो अर्जिलाइट. आणि टुरिस्ट लोकांसाठी दगडाची पूड रेझिनमध्ये कालवून साच्यातून काढलेलेही विकतात, ते हातात घेतले की दगडाचा तो गारवा लागत नाही आणि कुठेतरी साच्याची रेघ सापडते. आपल्या बाईच्या बुडाला २०२१ च्या पुरात जो टवका गेला ना, बरोबर त्याच जागी, दुसरीकडे कुठेही नाही, मी सुरीचं टोक टेकवून बघितलं. दगडाने फारशी दाद दिली नाही. असा कडक करडा दगड म्हणजे अर्वियत, हडसन बेच्या पश्चिम किनाऱ्यावर, चर्चिलहून वर उत्तरेला. तुमच्या वेळी नकाशात त्याला एस्किमो पॉइंट म्हणायचे, १९८९ मध्ये नाव बदललं. तिथे रस्ता नाही, विमानाने जायचं, आणि जड सामान उन्हाळ्यात बर्फ सुटलं की जहाजाने येतं, हे वाचून मला तुमचीच आठवण आली.

आणि ती आंधळी का, ते ऐका. दगडच एवढा कडक की बारीक काम करणं मुश्कील, म्हणून अर्वियतचे लोक कुऱ्हाड आणि कानस घेऊन दगडातून फक्त चेहरा जरा वर आणतात, नाकाची एक धार, बस. डोळे कोरतच नाहीत पुष्कळदा. इथे विनिपेगच्या आर्ट गॅलरीत कौमायुक म्हणून इनुइट कलेचा मोठा विभाग आहे, २०२१ च्या मार्चमध्ये उघडला, तिथे तीन मजली काचेच्या कपाटात हजारो मूर्ती मांडल्यात. अर्वियतच्या मूर्तींपुढे मी उभी राहिले तर आपल्या बाईच्या बहिणीच बहिणी! लूसी टासिओर टुट्स्वीटोक म्हणून तिथल्या फार मोठ्या शिल्पकार होत्या, २०१२ मध्ये गेल्या, त्यांच्या दगडातून अशीच आई आणि पोरांची डोकी गर्दी करून बाहेर येतात. मला वाटलं त्यांचीच असणार. दादाने लगेच किंमत विचारली. पण नंबर जुळला नाही.

नंबरचं सांगायचंच राहिलं. तुम्ही बुडाला अरल्डाइटने चिकटवलेलं ते हिरवं फेल्ट पुरात एका कोपऱ्यात सुटलं होतं, आईला त्याखाली ओरखडे दिसले होते, आठवतंय? तुम्ही म्हणालात फावडं लागलं असेल. मी ते फेल्ट पूर्ण काढलं. खाली ई १ आणि पुढे तीन आकडे कोरलेत, आणि शेजारी तीन अक्षरं. ई म्हणजे ईस्ट, पूर्वेचा भाग, एक म्हणजे अर्वियतकडचा विभाग. १९४१ पासून सरकारने प्रत्येक इनुइट माणसाला एकेक गोल बिल्ला दिला होता, गळ्यात घालायचा नाहीतर कपड्याला शिवायचा, कारण त्यांच्यात आडनाव नव्हतं आणि साहेबांना नावं लिहिता येईनात. १९६८ ते १९७१ या काळात आबे ओकपिक नावाचे त्यांच्यातलेच एक गृहस्थ गावोगाव फिरले तेव्हा लोकांना आडनावं मिळाली. पण मूर्तीवर नंबर कोरायची सवय बऱ्याच जणांना तरीही राहिली. बाबा, तुमच्या सीडीसीवर, त्या खलाशी-पुस्तकावरही नंबर होता, पण त्याच्या वरती तुमचं नाव होतं, फोटो होता. ह्या बाईंनी स्वतःच्या हाताने नाव म्हणून नंबर कोरला.

आई, आता तुझ्यासाठी. ती तीन अक्षरं म्हणजे त्यांची बाराखडी आहे! स्वर तीनच, इ, उ, आ, आणि व्यंजनाचं चिन्ह एकच, ते वळवलं की स्वर बदलतो. त्रिकोणाचं टोक वर असेल तर इ, उजवीकडे असेल तर उ, डावीकडे असेल तर आ. आपण काना-मात्रा लावतो, ते अक्षरच फिरवतात. जेम्स इव्हान्स नावाच्या मिशनऱ्याने १८४० मध्ये इथेच मॅनिटोबात, नॉर्वे हाऊसला, क्री लोकांसाठी ही पद्धत काढली, नंतर ती इनुइटांकडे गेली, आणि त्याला देवनागरी माहीत होती, तिचाही त्यात हात आहे असं काही अभ्यासक म्हणतात. तू सदतीस वर्षं फळ्यावर जे गिरवलंस त्याचं कोणीतरी लांबचं नातेवाईक आपल्याच शोकेसमध्ये उलटं बसलं होतं. मी तो कागद घेऊन रात्री बारा वाजता एकटीच अक्षरं लावत बसले, पहिलीत तू घेऊन बसायचीस तशी.

नंबरवरून नाव मिळालं. त्या बाई आता नाहीत. ओळखीतून ओळख करत त्यांच्या नातीपर्यंत निरोप गेला, चार महिने लागले. ती मुलाला दाखवायला इथे आली होती, तिकडच्या लोकांना मोठ्या दवाखान्यासाठी विनिपेगलाच यावं लागतं. मी बाईला तुमच्या त्या चौकड्याच्या लुंगीत गुंडाळून घेऊन गेले. तिने मांडीवर घेतली, आणि बाबा, तिने अंगठा थेट पाठीवरच्या त्या खळग्यात ठेवला, जिथे तुम्ही ठेवता तिथेच. बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, आमच्या घरात आजीचं एकही काम नाही. केलं की विकायचं, त्यातून पीठ, चहा, बंदुकीच्या गोळ्या आणायच्या. आठ पोरं होती.

तिने मागितली नाही. मीच दिली.

मला माहितीये तुम्ही रोज बातम्या ऐकताना ती मांडीवर घेऊन बसायचात, आणि दिसायचं कमी झाल्यापासून तर जास्तच. ते माहीत असूनही दिली. आधी मी स्वतःला सांगत होते की विचारलं असतं तर बाबा हो म्हणालेच असते. पण खरं म्हणजे तुम्ही नको म्हणाल ह्याची भीती वाटली म्हणून विचारलं नाही. चुकलं माझं. पण दिली ह्याचं वाईट वाटत नाहीये, तुमचा हात रिकामा राहिला ह्याचं वाटतंय, आणि त्याच्या बदल्यात देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पुरानंतर सगळे कागद, आईचा हार्मोनियम, माझे शाळेचे कप, सगळं चिखलात असताना तुम्ही आधी तिलाच शोधून नळाखाली धरली होती. मी पायरीवर उभी राहून बघत होते. तेव्हा मी तुमच्यावर चिडले होते बाबा, आज नाही.

लुंगी परत आणतेय. धुतलेली नाही.

आता जरा माझं ऐका. काचबिंदूचे ड्रॉप्स रात्री नऊलाच, झोप लागली तरी उठवून, आई तू दया करू नकोस. शोकेसची ती जागा मोकळी दिसते म्हणून स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढून ठेवायला जाऊ नका, दोघांपैकी कोणीही. गुडघ्याचा पट्टा दुसरा पाठवलाय, तो घाल, कपाटात जपून ठेवू नकोस. ओटीवरच्या बल्बचं दादाला सांगितलंय. रात्रीच्या मावशींना अजून दोन महिने ठेवायचंच, पैशाचं मी बघते, त्यावर चर्चा नको.

नाव मी मुद्दामच इथे लिहिलं नाही. त्यात एक क आहे तो पार घशातून काढायचा असतो, नातीने मला दहा वेळा म्हणायला लावला तेव्हा कुठे जमला. बाबा, तो तुम्ही माझ्या तोंडून ऐकायचा आणि मग म्हणून दाखवायचा. रविवारी तुमच्या संध्याकाळी सातला फोन करते. आई, स्पीकरवर टाक, आणि टीव्ही बंद कर आधी.

तुमची,
मनू