इंजिन बसतं हो, बाकीच्याचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत त्या दोन पोरांचा लेख वाचला, जुन्या गाडीत मोठं इंजिन टाकलं म्हणून. पोरांनी स्वतःच्या हाताने केलंय त्यामुळे कौतुक आहेच, पण अख्ख्या लेखात हॉर्सपॉवर हा शब्द चार-पाच वेळा आला आणि ब्रेक एकदाही नाही. वर "सत्तर हजारांत काम झालं" असं छापलंय, ते वाचून अजून दहा पोरं कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरपार्टच्या बाजारात धावतील, म्हणून हे पत्र. जागा नसेल तर छापू नका, पण निदान त्या वार्ताहरांना वाचायला द्या.

मी भांडुपला राहतो, आयटीआय फिटर, बावीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढली. माझ्याकडे २००४ ची मारुती जिप्सी आहे, १.३ लिटर एमपीएफआय (कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल इंजेक्टरने जातं), कागदावर ८० हॉर्सपॉवर. २०१६ ला मला पण खाज सुटली आणि मी तिच्यात बलेनोचं १.६ टाकलं (जुनी सेडान बलेनो, आता रस्त्यावर दिसते ती नव्हे). कागदावर ९४, म्हणजे फरक फक्त चौदाचा, त्यावरून बायकोने विचारलं पण की चौदा घोड्यांसाठी एवढे पैसे? तिला काय सांगणार, खरी मजा घोड्यांची नाही टॉर्कची, म्हणजे ओढायच्या ताकदीची असते, कसारा घाटात जिथे आधी दुसरा गिअर लागायचा तिथे तिसऱ्यावर गाडी ओढायची.

बलेनोचंच का, तर दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, सुझुकीची जी सिरीज. बेलहाऊसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडतात तो भाग) बोल्ट जुळतात त्यामुळे जिप्सीचाच गिअरबॉक्स ठेवता येतो, अॅडॅप्टर प्लेट बनवायला नको. आणि इथेच माणूस फसतो, कारण गिअरबॉक्सला बसलं म्हणजे झालं असं वाटतं. १.३ चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वरखाली प्रवास, ७५.५ मिलिमीटर आणि १.६ चा ९०, म्हणजे ब्लॉकच उंच, टायमिंग बेल्ट लांब, होज पाइप सगळे वेगळ्या उंचीवर. त्यात बलेनोत इंजिन आडवं बसतं, पुढची चाकं ओढणारं, आणि जिप्सीत उभं, गाडीच्या लांबीच्या दिशेने. त्यामुळे फाउंडेशनचे (इंजिन धरून ठेवणारे) ब्रॅकेट जिप्सीचेच लागतात, आणि चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं, ते पण.

चेंबरचं जरा सविस्तर सांगतो कारण माझे सगळ्यात जास्त पैसे तिथे गेले. जिप्सीला पुढे सलग अॅक्सल आहे आणि त्याचा डिफरन्शियलचा गोळा बरोबर इंजिनाच्या खाली येतो, म्हणून तिचं ऑइल चेंबर त्या गोळ्याला जागा देऊन बनवलेलं असतं. आमच्या मेकॅनिकने बलेनोचंच चेंबर कापलं, वेल्ड मारला, जॅकवर गाडी असताना बसवून दाखवलं, बोट जाईल एवढी फट होती, मी पण खूश. आता जॅकवर गाडी असली की अॅक्सल खाली लोंबतो हे मला फिटर असून सुचलं नाही! चाकं जमिनीला टेकली, गाडी स्प्रिंगच्या पाट्यांवर बसली, फट अर्धी झाली, आणि गॅरेजपासून तिसऱ्या स्पीडब्रेकरला ठण्ण असा आवाज आला, बघतो तर मागे रस्त्यावर काळी रेघ. चार लिटर ऑइल सोनापूरच्या सिग्नलपर्यंत सांडत आलं होतं. नशीब ऑइलचा लाल दिवा बघून मी लगेच चावी बंद केली.

मग जिप्सीचं चेंबर आणलं, तर आतला ऑइलचा स्ट्रेनर पण जिप्सीचाच लागतो कारण चेंबरची खोली वेगळी. स्ट्रेनर तळाला चिकटला तर ऑइल ओढत नाही, जास्त वर राहिला तर घाटात वळणावर हवा ओढतो, दोन्हीकडून बेअरिंगचा सत्यानाश. जे आधी माझ्याच जुन्या इंजिनावर फुकट होतं, ते काढून बसवायचं सोडून मी कापाकापीला हो म्हटलं.

क्लचचं थोडक्यात, प्लेटचे दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टला जुळले पाहिजेत आणि प्रेशर प्लेट फ्लायव्हीलला, दुकानात "सेम है साहब" म्हणाले तरी दोन्ही हातात धरून लावून बघायचं. वायरिंग हा वेगळाच ताप. मी ज्याच्याकडून घेतलं त्याने "फुल इंजिन" म्हणून दिलं, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) नाही आणि हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कनेक्टरपासून सहा इंचावर पक्कडीने तोडलेला. गाडी कापणाऱ्याला घाई असते, त्याला काय पडलंय. ईसीयू आणि हार्नेस शोधण्यात पाच शनिवार गेले. आणि ही जुनी गाडी म्हणून निभावलं, नंतरच्या गाड्यांमध्ये चावी, इमोबिलायझर (चोरी रोखणारं यंत्र) आणि ईसीयू यांची एकमेकांशी ओळख घातलेली असते, एकाची चावी दुसऱ्याला लावून स्टार्टर नुसता फिरत राहणार, इंजिन घेणार नाही.

सगळं जमलं असं वाटलं आणि मग एलबीएस मार्ग आला. मे महिना, भांडुप ते घाटकोपर संध्याकाळी सात वाजता, ज्यांना माहितीये त्यांना माहितीये. हायवेला टेंपरेचरचा काटा मधोमध स्थिर असायचा, इथे कांजूरला हलला, विक्रोळीला पाऊण, आणि मी एसी नसलेल्या गाडीत बसून वर हीटर चालू केला, कारण तेवढीच उष्णता बाहेर निघते. दोष कोणाचा, तर इलेक्ट्रिक फॅन रेडिएटरला नुसता टाय मारून लावला होता, मागे कव्हर नाही. कव्हर नसलं की फॅन फक्त त्याच्या गोलापुरती हवा ओढतो, रेडिएटरचे चारही कोपरे बिनकामाचे. जाड रेडिएटर, पत्र्याचं नीट कव्हर, आणि कूलंट भरताना गाडीचं नाक वर करून आतली हवा काढली, मग काटा गप्प बसला. लोणावळ्याला गाडी गरम झाली नाही म्हणजे कूलिंग बरोबर आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, मुंबईत गाडी उभी राहून तापते.

म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी ब्रेक, मग कूलिंग, मग क्लच, मग इंजिन, आणि फिल्टर-सायलेन्सर सगळ्यात शेवटी. पोरं बरोबर उलटं करतात कारण सायलेन्सरचा आवाज बिल्डिंगला ऐकू जातो, ब्रेकचा नाही. तो उघडा कोन फिल्टर बॉनेटखाली लावला की तो इंजिनाचीच गरम हवा ओढतो, पिकअप वाढण्यापेक्षा कमीच होतो. मग कोणीतरी सांगतं पाइप खाली बंपरमध्ये ने, थंड हवा मिळेल. मिळेल ना, जूनपर्यंत! पावसात दादरच्या हिंदमाताला एकदा गुडघाभर पाण्यात गाडी घातली की फिल्टर पाणी ओढणार, पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकणार आणि तुमचं नवं इंजिन परत भंगारात. आणि आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे तर जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप इंजिन बाहेर असतानाच बदलून घ्या, इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही.

आता तुमच्या लेखात अजिबात नसलेली गोष्ट. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, आरसीवरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने पण हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मी हे आधी वाचलं नव्हतं, चुकलंच माझं. माझ्या गाडीची पंधरा वर्षं २०१९ लाच भरली, रिन्यूअलच्या पासिंगला न्यायची, आणि आरसीवर १२९८ सीसी आणि बॉनेटखाली १५९०. मी एका कार्यालयात जाऊन आधी विचारलं, तीन खिडक्यांवर तीन उत्तरं मिळाली, एक साहेब तर म्हणाले इंजिन नंबर कोण बघतंय. इन्शुरन्सवाला बघतो ना, क्लेम आला की!

शेवटी १.६ उतरवलं आणि जुनं १.३ परत चढवलं. ते मी विकलं नव्हतं, तीन वर्षं सोसायटीच्या जिन्याखाली ताडपत्री घालून पडलं होतं, त्यावरून सेक्रेटरींनी दोन नोटिसा पण दिल्या होत्या. येताना-जाताना धरून सगळा खर्च १ लाख ८० हजार झाला, त्यात इंजिन फक्त ३८ हजारांचं. ब्रेक, रेडिएटर, नवे पाइप आहेत अजून गाडीला, आणि खरं सांगू का, त्या सगळ्यामुळे १.३ सुद्धा आधीपेक्षा चांगली चालते.

मुंबईत हा नाद काही आजचा नाही, इथेच कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीत त्याच कंपनीच्या ११८ एनई गाडीचं निसान इंजिन टाकणारे होतेच की. तो बंद होणार नाही. तर माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी असा लेख देताना आरसीवर काय लिहिलंय ते पण त्या पोरांना विचारा, आणि आरटीओने कुठला बदल चालतो, कशाला आधी मंजुरी लागते, हे साध्या मराठीत एका पानावर लिहून खिडकीबाहेर लावावं, याचा पाठपुरावा तुमच्या पेपरने करावा.

हे लिहीत असतानाच भाच्याचा फोन आला. त्याच्याकडे जुनी झेन आहे. "मामा, एस्टीमचं १.३ मिळतंय, पस्तीस हजार, आजच टोकन देऊ का?" इंजिन एकाच घराण्यातलं, दोन्हीकडे आडवंच, म्हणजे माझ्यापेक्षा सोपं काम. पण मी त्याला म्हटलं आधी आरसी घेऊन माझ्याकडे ये. तो म्हणाला आरसी कशाला, इंजिन बघायला चल ना. रविवारी दोघं मिळून झेनचे पुढचे ब्रेक उघडतोय.

आपला,
एक वाचक, भांडुप (प.)