‘तुरळक’ म्हणजे किरकोळ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फाल्गुन लागला, सातपुड्यात पळस फुलला आणि त्याबरोबर आमच्याकडच्या हवेची दरवर्षीची धरसोड सुरू झाली. पहाटे गोधडी सोडवत नाही, दुपारी उन्हाची तलखी सोसवत नाही, आणि दिवस कलू लागला की तोरणमाळच्या डोंगराच्या अंगाला ढग जमू लागतात. या दिवसांत आपल्या दैनिकात छापून येणारा हवामानाचा अंदाज आम्ही नेमाने वाचतो. त्यातल्या ‘तुरळक’ या एका शब्दाबद्दल हे पत्र लिहीत आहे.

‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस व गारपिटीची शक्यता’ हे वाक्य मार्च-एप्रिलमध्ये अनेकदा वाचायला मिळते. हवामान विभागाच्या परिभाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. त्यापुढे काही ठिकाणी, बऱ्याच ठिकाणी अशा चढत्या पायऱ्या आहेत. म्हणजे पाऊस किती जागी पडेल एवढेच हा शब्द सांगतो, किती जोराने पडेल याच्याशी त्याचा संबंध नाही. रोजच्या बोलण्यात मात्र तुरळक म्हणजे थोडेफार, किरकोळ, आणि शेतकरी तो तसाच वाचतो. त्यातही ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात नंदुरबार, धुळे, जळगावपासून पार सांगली, सोलापूर, कोल्हापूरपर्यंतचे जिल्हे येतात. नंदुरबारच्या अक्राणीसारख्या डोंगराळ तालुक्यातल्या माणसाने त्या एका ओळीतून आपल्यापुरते काय उचलावे?

गेल्या वर्षी हा शब्द मला चांगलाच महागात पडला. हरभरा काढून खळ्यात टाकला होता आणि मळणी यंत्र दुसऱ्या दिवशी येणार होते. सकाळी पेपरात ‘तुरळक’ वाचले आणि घरात असलेली एकच ताडपत्री गव्हावरच राहू दिली. साडेचारच्या सुमारास डोंगराकडून गार वारा सुटला, ओल्या मातीचा वास आला आणि आम्ही ताडपत्री ओढून आणेपर्यंत बोराएवढ्या गारा पडू लागल्या. सारे वीस-पंचवीस मिनिटांत आटोपले. तीन किलोमीटरवरच्या गावात रस्ता कोरडा होता. तिसऱ्या दिवशी ढीग उपसला तेव्हा आतून वाफ निघाली, घाटे काळे पडले होते आणि तळाच्या दाण्यांना मोड आले होते. व्यापाऱ्याने मूठभर दाणे तळहातावर घेतले, बोटाने पसरून पाहिले आणि भाव सांगितला. माल माझ्याही डोळ्यांसमोरच होता, त्यामुळे घासाघीस करण्यासारखे काही उरले नव्हते.

या हवेमागचे कारण समजून घेतले तर अंदाजाकडून काय अपेक्षा करावी हेही कळते. उत्तर भारतावरून पूर्वेकडे सरकणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेच्या प्रणाली, या दिवसांत कधी कधी दक्षिणेपर्यंत प्रभाव दाखवतात आणि वातावरणाच्या वरच्या थरांत थंड हवा आणतात. खाली अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावरून बाष्प येते आणि तापीचे खोरे तर दुपारपर्यंत तापून निघालेले असते. अशी खाली उष्ण-दमट आणि वर थंड हवा असताना डोंगराचा उतार वाऱ्याला वर ढकलतो आणि गडगडाटी ढग झपाट्याने उभा राहतो. तोरणमाळ सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर, तर तापीकाठ दोनशे मीटरच्याही खाली. एकाच जिल्ह्यात एकाच दुपारी तापमानात सहा-सात अंशांचा फरक सहज पडतो. अशा एका ढगाचे आयुष्य बहुधा तासाभराचे आणि आवाका काही किलोमीटरचा असतो. त्यामुळे कोणत्या शिवारात गारा पडतील हे दोन दिवस आधी सांगावे, अशी आमची मुळीच अपेक्षा नाही. ढग बांधला जात असताना मिळणारा तीन तासांचा तात्कालिक इशारा मात्र आमच्या उपयोगाचा आहे. तो हवामान विभाग देतो, विजेसाठी ‘दामिनी’ ॲपही आहे, परंतु पेपर सकाळी येतो, इशारा दुपारी निघतो आणि धडगाव-मोलगीकडच्या कित्येक पाड्यांवर मोबाइलला रेंज मिळत नाही. हा इशारा ढग टिपणाऱ्या हवामान रडारवर अवलंबून असतो आणि ते दूर असले तर अडचण आणखी वाढते, कारण पृथ्वीच्या गोलाईमुळे २०० किलोमीटरवर त्याचा सर्वांत खालचा किरणही जमिनीपासून सुमारे चार किलोमीटर उंचीवरून जातो आणि ढगाचा खालचा भाग त्याच्या नजरेतून सुटतो. सातपुड्याच्या पायथ्याशी एखादे लहान रडार असावे, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी लावून धरायला हवी.

रावेर-यावलच्या केळीबागा वादळाने आडव्या झाल्या की बातमी होते, आणि ती झालीच पाहिजे. नंदुरबारच्या पथारींवर, म्हणजे मिरची सुकवण्याच्या मोकळ्या जागांवर, वाळत घातलेली लाल मिरची भिजली की तेही चार लोकांना दिसते. डोंगरातले नुकसान मात्र कोणाच्या नजरेस पडत नाही. मोहाची फुले पहाटे गळतात आणि बायका-पोरे उजाडण्याआधीच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. वेचलेली फुले अंगणात वाळत असताना एक सर आली तरी ती काळी पडतात, त्यांना आंबूस वास सुटतो. पुढे कैऱ्या चिरून आमचूरसाठी वाळत घालतात, तेव्हाही हीच धास्ती असते. मोहाची फुले सातबाऱ्यावर पीक म्हणून नोंदलेली नसतात, त्यामुळे पंचनाम्यात ती येत नाहीत आणि सरकारी मदतीसाठीच्या ३३ टक्के वा त्याहून अधिक नुकसानीच्या निकषापर्यंत हा विषय पोहोचतच नाही. होळीच्या आधीचे आदिवासींचे भोंगऱ्या बाजार आणि काठी गावची प्रसिद्ध राजवाडी होळीही याच दिवसांत असते आणि हजारो माणसे उघड्यावर असतात. २०२३ मध्ये होळीच्या सुमारासच धुळे-नंदुरबार भागाला अवकाळी पावसाने झोडपले होते.

म्हणून आपल्याला विनंती आहे की फेब्रुवारी ते मे या काळात अंदाजाच्या चौकटीत डोंगराळ तालुके आणि तापीकाठ यांचा उल्लेख वेगळा करावा, ‘तुरळक’चा अर्थ दोन शब्दांत रोज तिथेच द्यावा आणि धोका दुपारनंतरचा असेल तर तसे स्पष्ट छापावे. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, हेही अजून अनेकांना माहीत नाही. प्रशासनाने दुपारचा इशारा पोलीस पाटील, आशाताई आणि बाजारातल्या भोंग्यावरून पावरी-भिलोरी बोलीत पोहोचवण्याची सोय करावी. मोह अजून गळायला लागलेला नाही; ही चौकट होळीच्या आत सुरू झाली तर यंदाच्या हंगामालाच तिचा उपयोग होईल.

आपला,
एक शेतकरी वाचक
तळोदा, जि. नंदुरबार