रविवारच्या जुनापाणी भेटीबद्दल सूचना

नमस्कार मंडळी,

रविवारी सकाळी 6.30 वाजता नेहमीच्या ठिकाणी जमून काटोल रोडने नागपूरजवळच्या जुनापाणीला निघायचं आहे. पाणी, टोपी आणि चांगले बूट हवेतच, सावली तिथे फारशी नाही.

लोहयुगातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी रचलेली सुमारे 300 शिलावर्तुळं, म्हणजे दगडांची गोल रिंगणं, या माळावर आहेत. 1879 साली ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कारनॅक यांनी इथल्या खोदकामाची हकीकत छापली. पुढे 1961-62 मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी 3 वर्तुळांचं पद्धतशीर उत्खनन केलं. काळी-तांबडी भांडी आणि लोखंडी हत्यारं सापडली. जवळच्याच माहुरझरीला तर घोडा पुरलेला मिळाला, डोक्यावरच्या तांब्याच्या साजासकट! मला तो घोडा फार जवळचा वाटतो. इतक्या मायेने सजवून कुणीतरी त्याला निरोप दिला असेल.

आता महत्त्वाचं. वर्तुळातल्या काही दगडांवर बोटाचं पेर टेकेल एवढे खळगे ओळीने कोरलेले आहेत. मागच्या खेपेला फोटोत उठून दिसावेत म्हणून आपल्यातल्याच एकाने त्यात खडू भरला. कृपा करून असं करू नका. सकाळचं तिरपं ऊन पडलं की ते आपोआप स्पष्ट दिसतात, म्हणूनच इतक्या लवकर निघतो आहोत. दगडांवर बसायचं नाही, एकही गोटा हलवायचा नाही. खापराचा तुकडा दिसला तर जागेवरच फोटो काढा, उचलू नका. जागा संरक्षित आहे, आणि जागेवरून हललेलं खापर मुकं होतं.

येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत नाव कळवावं. मुलांना जरूर आणा.