उसण, लाथ आणि नव्वद सेकंद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पायाळू. लहानपणी मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत कुणाच्या कमरेत उसण भरली की मला बोलावणं यायचं. माणूस पालथा पडायचा, मी कमरेवर हलकी लाथ मारायची आणि हातावर गुळाचा खडा पडायचा. पुढं फिजिओथेरपी शिकले. वीस वर्षं हेच काम करते, पण मागणी तीच: ‘मॅडम, एकदा करकन वाजवा की!’ मोबाईलवर मान मोडण्याचे व्हिडिओ आल्यापासून तर जास्तच.

ऑस्टिओपॅथीत, म्हणजे सांधे-स्नायू हातानं हाताळून करायच्या उपचारात, झटक्याखेरीज दुसरीही वाट आहे. तिला अप्रत्यक्ष पद्धत म्हणतात. सांधा जिकडे अडतो तिकडे रेटायचं नाही; जिकडे सैल पडतो तिकडे न्यायचं. कडी घट्ट बसली की आपण दार आधी आत ओढतो ना, तसंच. १९५५ साली अमेरिकेत ओरेगॉनमध्ये डॉ. लॉरेन्स जोन्स यांच्याकडे कमरेत वाकलेला एक रुग्ण आला. दुखण्यानं त्याला झोप लागेना. निदान झोपता तरी यावं म्हणून त्यांनी त्याला उशा लावून सोसवेल अशा स्थितीत ठेवलं. काही वेळानं तो उठला तो सरळ उभा राहिला! त्यातूनच ‘काउंटरस्ट्रेन’ आलं. दाबल्यावर दुखणारी जागा शोधायची, ते दुखणं बरंचसं ओसरेल असं अंग वळवायचं, नव्वद सेकंद थांबायचं आणि अगदी सावकाश परत आणायचं. रुग्णानं स्वतः जोर लावायचा नाही. घाईनं उठवलं तर स्नायू पुन्हा आखडतो. तालमीतल्या पोरांना हे काही पटत नाही. ‘तुम्ही कायच केलं न्हाई की!’ म्हणतात आणि मान वळवून बघत जातात.

ताजी लचक, झटका सोसवणार नाही असं दुखणं, उतारवय, अशा वेळी ही पद्धत बरी. मोठे भक्कम अभ्यास तिच्यामागे अजून नाहीत, हेही सांगायला हवं. एखाद-दोन दिवस अंग दुखू शकतं.

पण हळुवार म्हणजे निर्धोक, असं नव्हे. मागच्या पावसाळ्यात एक आजी आल्या. रिक्षा खड्ड्यात आदळली तेव्हापासून पाठ धरलेली. मुलगा म्हणाला, ‘जरा मोकळी करून द्या.’ मी हात लावला नाही, आधी एक्स-रे काढायला पाठवलं. मणका दबला होता. हाड मोडलेलं, सांधा निखळलेला, ताप, कर्करोगाचा इतिहास यांपैकी काही असलं तर आधी डॉक्टर. पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर थेट तातडीच्या विभागात. अशा वेळी घरी एक रात्रसुद्धा थांबायचं नाही. वयस्कर माणसाची मान मागं टाकून वळवू नये. चक्कर आली, डोळ्यांपुढं अंधारी आली तर लगेच थांबावं.

आणि दाढी झाल्यावर फुकटात मान मोडून देणारे आमचे केशकर्तनालयवाले दादा! मानेच्या झटक्यानं मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. विरळ असतील, पण फुकटच्या मान मोडण्यासाठी एवढी जोखीम कशाला?

आपल्या आरोग्य पानावर ही धोक्याची लक्षणं एकदा ठळक चौकटीत छापावीत, ही विनंती. कात्रण दवाखान्याच्या दारावर चिकटवीन.

– एक फिजिओथेरपिस्ट, मंगळवार पेठ, कोल्हापूर