सेमिनारमधला आकडा मुलांकडून पुन्हा काढून घे

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

एमएस्सीच्या मुलांचा डेटा सायन्स आणि मशीन लर्निंगचा सेमिनार या सत्रापासून तुझ्याकडे आला, हे फार चांगलं झालं. विषयांची यादी मागितली आहेस, पण यादीच्या आधी सेमिनारची पद्धत ठरव. एरवी काय होतं ते तुला माहीत आहे. मुलगा एखादा गाजलेला पेपर उचलतो, तीस स्लाइड करतो, नेटवर्कची आकृती जशीच्या तशी चिकटवतो आणि शेवटी ‘अचूकता ९८ टक्के’ असं लिहून बसतो. ते ९८ कशावर मोजले हे कुणी विचारत नाही. म्हणून माझा आग्रह एकच आहे: आकडा नुसता सांगायचा नाही, वर्गात पुन्हा काढून दाखवायचा.

दीड तास असेल तर पहिली वीस मिनिटं एका मुलाने फळ्यावर प्रश्न, डेटा आणि मोजणीची रीत मांडावी. पुढचा पाऊण तास दोघादोघांनी नोटबुक (कोड आणि त्याचं उत्तर एकत्र दाखवणारी फाइल) चालवावं. उरलेला वेळ चर्चेला. स्लाइड पाचपेक्षा जास्त नकोत.

पहिल्या दिवशी कुठलाच पेपर घेऊ नकोस. हेस्टी, टिबशिरानी आणि फ्रीडमन यांच्या पाठ्यपुस्तकातला एक प्रयोग आहे, तो करायला लाव. ५० ओळी आणि ५००० स्तंभ घ्यायचे, सगळे आकडे प्रसामान्य वितरणातून यादृच्छिक. लेबलं, म्हणजे ओळखायची उत्तरं, २५ शून्य, २५ एक, तीही कशीही वाटलेली. म्हणजे डेटात शिकण्यासारखं काहीच नाही आणि खरी चूक ५० टक्के असायलाच हवी. आता लेबलाशी सर्वाधिक सहसंबंध (धन-ऋण चिन्ह सोडून) असलेले १०० स्तंभ निवडायचे, आणि मग त्या शंभरांवर सर्वांत जवळच्या एका शेजाऱ्याची पद्धत (सर्वांत सारख्या ओळीचं लेबल तेच उत्तर) लावून पाच घड्यांचं क्रॉस व्हॅलिडेशन करायचं, म्हणजे ओळींचे पाच भाग करून आळीपाळीने चारांवर शिकवायचं आणि पाचव्यावर तपासायचं. पुस्तकात चूक सरासरी ३ टक्के येते. मुलांचीही तिथेच कुठेतरी येईल. निव्वळ गोंगाटातून ९७ टक्के अचूकता!

इथे थांब आणि कारण त्यांच्याकडूनच काढून घे. ५० ओळींवर यादृच्छिक सहसंबंधाचं प्रमाण विचलन साधारण ०.१४ असतं. ५००० स्तंभांतले वरचे शंभर, म्हणजे वरचे दोन टक्के, निव्वळ योगायोगाने ०.३३च्या पुढे जातात. ही निवड सगळ्या ५० लेबलांकडे बघून झाली, त्यात चाचणीच्या १० ओळीही आल्या. परीक्षेआधी पेपर फुटला की जे होतं तेच इथे झालं. क्रॉस व्हॅलिडेशन नंतर कितीही काटेकोर केलं तरी उपयोग नाही, कारण गळती त्याच्या आधीच झाली. उपाय म्हणजे स्तंभांची निवड पाइपलाइनच्या, म्हणजे शिकवण्याच्या पायऱ्यांच्या साखळीच्या, आत घालायची, म्हणजे प्रत्येक घडीत ती फक्त प्रशिक्षणाच्या ४० ओळींवर होते. आता चूक पुन्हा ५०च्या आसपास येते.

एक अडचण इथे हमखास येते. एकदाच चालवलं तर कुणाची चूक ४२ येते, कुणाची ५८, आणि मुलं गोंधळतात. ५० ओळींवर एवढी हालचाल अपेक्षितच आहे, प्रमाण त्रुटीच सात टक्क्यांची आहे. पन्नास वेगवेगळ्या सीडवर (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात त्या बीजांवर) चालवून सरासरी घ्यायला सांग. मॅट्रिक्स जेमतेम दोन एमबीचा, जुन्या मशीनवरही चालतो. त्यानंतर एक सवय कायमची लाव: कुठलंही मॉडेल आलं की लेबलं पिसून अख्खी पाइपलाइन पुन्हा चालवायची. तरीही चांगला आकडा आला तर कुठेतरी गळती आहे.

दुसऱ्या आठवड्याला क्रेडिट कार्ड फसवणुकीचा सार्वजनिक डेटा पुरे. २,८४,८०७ व्यवहार, त्यांतले ४९२ फसवे. सगळे खरे म्हटलं तरी अचूकता ९९.८३ टक्के. प्रिसिजन (फसवे म्हटलेल्यांत खरंच फसवे किती) आणि रिकॉल (खऱ्या फसव्यांतले सापडले किती) का लागतात यावर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही. छातीच्या एक्स-रेंचा ‘चेस्टएक्स-रे१४’ संच प्रत्यक्ष चालवू नकोस, तो चाळीस जीबीच्या वर आहे. पण प्रशिक्षण आणि चाचणी अशी विभागणी समजावायला तो उत्तम: १,१२,१२० चित्रं, रुग्ण मात्र ३०,८०५. चित्रं सरसकट वाटली तर एकाच माणसाच्या फासळ्या दोन्हीकडे येतात. वाटणी रुग्णानुसारच हवी.

मराठी मजकुराला मात्र दोन आठवडे दे. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२१ साली सुमारे १६,००० मराठी ट्वीटांचा भावनादर्शक संच खुला केला: सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ. मुलं सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीतला, शब्द मोजणारा काउंट व्हेक्टरायझर लावतील आणि तो निमूटपणे घोळ घालेल. त्याचा मूळ टोकन पॅटर्न (मजकुराचे शब्द तोडण्याचा नियम) ‘शब्दातली अक्षरं’ सलग दोन किंवा जास्त शोधतो, आणि पायथनच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही अक्षरंच नाहीत. त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो. ‘मराठी’चं ‘मर’ होतं. ‘नवरा’, ‘नवरी’ आणि ‘नवरात्र’ तिन्हींचं ‘नवर’. ‘पाणी छान नाही’ हे वाक्य तर पूर्ण नाहीसं होतं, कारण एकेकटी उरलेली अक्षरं तो टाकून देतो. भावना ओळखायच्या आणि ‘नाही’च गायब! प्रोग्रॅम मात्र थांबत नाही. हजारो ट्वीटांत तुकडे उरतातच, मॉडेल शिकतं, आकडा येतो. म्हणून प्रशिक्षणाआधी शब्दसंग्रहातले पन्नास शब्द छापून मोठ्याने वाचायला लाव.

दुरुस्ती सोपी आहे. पॅटर्नमध्ये देवनागरीचा युनिकोड पट्टा स्वतः लिहायचा: ०९०० ते ०९६३ आणि ०९६६ ते ०९७एफ. मधले दोन म्हणजे दंड आणि दुहेरी दंड, ते वगळायचे. त्याहून बरं म्हणजे शब्दांऐवजी दोन ते पाच अक्षरांचे तुकडे घ्यायचे, ‘चार-डब्ल्यूबी’ हा पर्याय वापरून. आपल्याकडे घरात, घराला, घरापासून असे प्रत्यय चिकटतात, आणि तुकड्यांत ‘घर’ सगळीकडे सापडतं. त्यावर टीएफ-आयडीएफ (सर्रास येणाऱ्या तुकड्यांना कमी, विरळांना जास्त वजन) आणि लॉजिस्टिक रिग्रेशन (वर्गीकरणाची साधी पद्धत), एवढी पायारेषा, म्हणजे तुलनेसाठीचं साधं मॉडेल, आधी उभी राहू दे. बर्ट वगैरे मोठ्या मॉडेलने तिला किती मागे टाकलं, ते मग बघायचं.

आणखी एक बारकी खोच. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एकदा ‘ऱ’ला हलन्त लावून, एकदा साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर तंतोतंत सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. नेहमीचं एनएफसी नॉर्मलायझेशन (युनिकोडची रूपं एकसारखी करण्याची रीत) हे जोडत नाही, बदलीचा नियम आपणच लिहावा लागतो. आणि विभागणीच्या आधी तंतोतंत सारखी ट्वीटं काढून टाकायची, नाहीतर तीच गळती मागच्या दाराने येते.

गाजलेले पेपर नंतर घे. अ‍ॅलेक्सनेट (२०१२, चित्रं ओळखणारं नेटवर्क) चांगला, कारण पेपरमध्ये सगळं उघड आहे: ६ कोटी पॅरामीटर (मॉडेलने शिकायचे आकडे), तीन जीबीची दोन ग्राफिक्स कार्डं, पाच-सहा दिवसांचं प्रशिक्षण. ट्रान्सफॉर्मर (२०१७, आजच्या भाषा-मॉडेलांचा पाया) पहिल्या महिन्यात नको. वर्गात तपासता येईल असं त्यात थोडंच आहे.

नोटबुक सादर करण्यापूर्वी कर्नल (नोटबुकमागे चालणारा प्रोग्रॅम) बंद करून वरपासून खालपर्यंत एका दमात चालवलंच पाहिजे, हा नियम कर. कप्पे उलटसुलट चालवले की जुनी व्हेरिएबल शिल्लक राहतात आणि आकडा दुसऱ्या दिवशी येत नाही. आवृत्त्या लिहून ठेवायला सांग. बॉस्टनच्या घरांचा डेटा वापरणारी जुनी उदाहरणं सायकिट-लर्न १.२ पासून अडतात, कारण तो संच त्यातून काढून टाकला आहे.

गुण देताना निम्मे पुन्हा काढलेल्या आकड्याला ठेव. आकडा पेपरपेक्षा वेगळा आला आणि मुलाने कारण शोधून दाखवलं, तर पूर्ण गुण दे.

लॅबमध्ये मशीन किती, रॅम किती आणि इंटरनेट कसं आहे ते कळव. नेट अडखळत असेल तर फसवणुकीची फाइल दीडशे एमबीच्या आसपास आहे, आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेव. पहिल्या प्रयोगाचं नोटबुक मी तुला मेल करतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
प्रकाश