पाय जमिनीला टेकले

सोलापूर,
रविवार, रात्र

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, तुझा गुडघा आता कसा आहे? वहिनी म्हणाली, काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातेस. दादाच्या घरी जिने नाहीत, ते बरंच झालं. इथलं सगळं ठीक आहे. तुळशीला रोज पाणी घालते.

आज हे पत्र लिहायचं कारण गाडी, माझी हिमालयन मोटरसायकल. फोनवर हा विषय निघाला की तुझा आवाज बदलतो आणि मी घाईने दुसरं काहीतरी बोलते. म्हणून नीट लिहितेय. आधी एक कबुली. मागच्या महिन्यात गाडीवर पाय मुरगळला एवढंच मी सांगितलं, पण कसा ते सांगितलं नव्हतं. मंगळवेढ्याकडून येताना समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या लावलेला. मी गाडी डांबराच्या कडेला घेऊन थांबवली. तिथे साइडपट्टी वीतभर खाली होती. डावा पाय टाकला तर खाली काहीच लागलं नाही. गाडी कलली. १९९ किलोचं वजन एकदा कलायला लागलं की हाताने थांबत नाही. क्लचचा दांडा वाकला, घोटा सुजला. ट्रॅक्टरवाल्यानेच उतरून गाडी उचलून दिली. मी वेगात नव्हते, गाडी उभीच होती. म्हणूनच मला त्याचं जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर आई, तू म्हणालीस, विकून टाक, स्कूटर घे. मी खरंच विचार केला. पण माझं काम डाळिंबाच्या बागांत. सांगोल्याच्या बाजूला डांबर सोडून आत गेलं की बैलगाडीची चाकोरी असते, पावसाळ्यात काळी माती टायरला पोळीसारखी लपेटते. हिमालयनचं पुढचं चाक २१ इंची आहे, ते खड्ड्यावरून जातं. स्कूटरचं लहान चाक खड्ड्यात उतरतं. दादाने बुटक्या सीटची गाडी सुचवली, मिटिऑर. तिची सीट ७६५ मिलिमीटरवर आहे, माझी ८०० वर. पण तिचं पोटही खाली आहे, जमिनीपासून १७०. माझ्या गाडीचं २२०. बांधावरच्या दगडांना ते पन्नास मिलिमीटर फार मोलाचे असतात. म्हणजे गाडी हीच हवी होती, फक्त माझ्या उंचीची.

माझी उंची पाच फूट एक इंच. ती तुमच्याकडूनच आलीय आणि त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. मला आठवतंय, आपल्या घराचं काम चाललं होतं तेव्हा गवंड्याने ओटा नेहमीच्या मापाने बांधायला घेतला होता. बाबा, तुम्ही आईला तिथे उभं केलंत, कोपरापासून खाली माप घेतलंत आणि ओटा दोन इंच खाली घ्यायला लावलात. गवंडी म्हणाला, सगळीकडे असाच असतो. तुम्ही म्हणालात, सगळीकडे ही स्वयंपाक करणार नाही. मी तेव्हा चौथीत होते. सीटवर बसून टाचा हवेत लोंबकळत असताना मला तेच आठवलं.

पहिल्या गॅरेजमध्ये गेले तिथे मिस्त्री म्हणाला, ताई, मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगचे दोन वेढे कापू, अर्ध्या तासाचं काम. मी गाडी परत आणली. बाबा, तुम्हाला हे सांगायला नको. वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग जास्त कडक होते. शिवाय कापलेलं टोक सपाट बसत नाही आणि दबायला जागा कमी राहते. खड्ड्यात गाडी धाडकन तळाला लागली असती. यंत्रमागांच्या स्प्रिंगा तुम्ही किती बदलल्यात, पण एकही कापलेली मी पाहिली नाही.

मग मी तुमच्या पद्धतीने गेले. आधी माप. तुमचा टेप आणि बारीक मापाचा व्हर्नियर कपाटातून काढला, शेजारच्या काकांना बोलावलं. मधल्या स्टँडवर गाडी उभी करून मागचं चाक हवेत ठेवलं, आसापासून सीटखालच्या पाइपापर्यंत माप घेतलं. मग गाडी खाली घेऊन मी बसले, काकांनी पुन्हा तेच माप घेतलं. फरक ४० मिलिमीटर. मागच्या चाकाची एकूण हालचाल १८०. बसल्यावर साधारण तिसरा हिस्सा दबावा, असं म्हणतात. माझं वजन ५२ किलो, त्यामुळे गाडी माझ्याखाली दबतच नव्हती. स्प्रिंगचं कडं सैल केलं तर फरक ५५ झाला. पंधरा मिलिमीटर पैसा न घालता मिळाले. स्प्रिंग त्याने मऊ होत नाही, फक्त गाडी कुठे बसते ते बदलतं. मागे कुणी बसणार असेल तर कडं पुन्हा आवळायचं, हे मी लक्षात ठेवलंय.

दुसरं सीट. कुशनवाल्याने आतला फोम वीस मिलिमीटर उतरवला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढच्या बाजूने दोन्हीकडून निमुळता केला. सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पायाची लांबी त्यातच जाते. निमुळती झाल्यावर पाय सरळ खाली येतो. नुसती उंची मोजून हे कळत नाही, बसल्यावरच कळतं. आता लांबच्या प्रवासात बूड जरा लवकर दुखतं, पण तासाभराने मी तशीही चहाला थांबते.

तिसरं काम मोठं. मागच्या शॉकअपला जोडणाऱ्या लिंकच्या पट्ट्या बदलल्या. काही गाड्यांत त्या लांब घालाव्या लागतात, काहींत आखूड, ते जोडणीवर असतं. लेथवर घरगुती बनवून देतो म्हणणारे भेटले, पण त्या दोन पट्ट्यांवर माझा सगळा भार आहे, म्हणून याच गाडीसाठीच्या तयार आणल्या. मागून २५ मिलिमीटर उतरली.

आणि इथेच बहुतेक जण थांबतात. मागचं उतरवलं आणि पुढचं तसंच ठेवलं तर पुढचा फोर्क मागे कलतो, वळताना हँडल जड येतं, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बाबा, माग बसवताना तुम्ही पातळी लावून बघायचात, एक पाय खाली असला तर माग थरथरतो म्हणायचात. ते मनात होतं. म्हणून फोर्कचे दोन्ही पाइपही क्लॅम्पमध्ये सैल करून वीस मिलिमीटर वर सरकवले, म्हणजे पुढूनही गाडी तेवढी खाली आली. सैल करायच्या आधी खडूने खूण केली, तुमच्यासारखीच. दोन्ही बाजूंचं माप व्हर्नियरने जुळवलं. मग पुढून आणि मागून पूर्ण दाबून पाहिली, चाक कुठे घासत नाही ना. नाही घासत.

शेवटची अडचण मला आधी सुचली नव्हती. गाडी उतरली तसा साइडस्टँड लांब झाला, गाडी जवळपास सरळ उभी राहायला लागली. वाऱ्यानेही उजवीकडे पडली असती. वेल्डिंगवाल्याने दांडा कापून पंधरा मिलिमीटर कमी केला, पुन्हा जोडला. चेन नव्याने ताणली, हेडलाइट खाली केला. मधल्या स्टँडवर चढवायला आता जोर जास्त लागतो, कारण गाडी जास्त उचलावी लागते. ते मला एकटीला जमत नाही. काकांना हाक मारते.

काय गमावलं तेही सांगते. पोट आता २०० च्या आसपास आलंय. गावातल्या उंच स्पीडब्रेकरवर हळू जावं लागतं, वळणावर पूर्वीइतकी गाडी झुकवायची नाही. मला ते चालतं. शर्यत लावायची नाही, बागेत पोचायचंय.

आज सकाळी तुळजापूरला जाऊन आले. हिप्परग्याच्या तलावाजवळ मुद्दाम रस्त्याच्या कडेला थांबले, तशीच खाली गेलेली साइडपट्टी बघून. बूड जरा डावीकडे सरकवलं, उजवा पाय ब्रेकवर, डावा खाली. आख्खा तळवा टेकला, टाचेसकट. तिथेच गाडी बंद करून थोडा वेळ बसून राहिले. पूर्वी थांबायची जागा दिसली की आधी पोटात गोळा यायचा, कुठे टेकेल, कुठे नाही. आज आला नाही. देवळात तुझ्या गुडघ्यासाठी ओटी भरली.

आई, तू काळजी सोड असं मी म्हणणार नाही, सोडणार नाहीस ते माहीत आहे. पण ज्या गाडीवरून मी पडले ती आणि आत्ता अंगणात उभी असलेली, या दोन वेगळ्या आहेत, एवढं मनात ठेव. पुढच्या शनिवारी पुण्याला येतेय, एसटीने. शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणते.

बाबा, लिंकचे नट दोनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा तपासायचेत. तुमचा सतराचा पाना पेटीत नाही, माळ्यावरही पाहिला. कुठे ठेवलाय ते फोनवर सांगा.

तुमची,
लेक