तारेपलीकडची हरिणी

विस्कॉन्सिन, अमेरिका, 9 डिसेंबर 2025

ती. आई आणि ती. बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, त्या गुरुवारी धाकटीनं फोनवर "आज्जी, आईनं हरीण मारलं" असं सांगून टाकलं आणि तू एक शब्द न बोलता फोन बाबांच्या हातात दिलास. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. तू घट मांडला होतास, मागे नारळावरचं हळदकुंकूसुद्धा मला दिसत होतं. इथं नेमकी त्याच दिवशी थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली, म्हणून पोरं घरी होती आणि त्यांच्या तोंडाला कुलूप नव्हतं. त्यानंतर दोनदा बोललो, पण तू फक्त कोकमाचं आगळ आणि पावसाचंच बोललीस. म्हणून लिहायला बसले. पत्र वाचता वाचता बाबांकडे देता येतं, पण ते तुला आधी वाचावं लागेल.

हो, मारलं. मादी होती. शनिवारी, 22 नोव्हेंबरला, इथला बंदुकीचा हंगाम सुरू झाला त्या पहिल्याच दिवशी. हंगाम नऊच दिवसांचा असतो, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून पुढच्या रविवारपर्यंत. त्या नऊ दिवसांत आमच्या कारखान्यात चीजचं काम कसंबसं चालतं, कारण अर्धी माणसं झाडावर बसलेली असतात. गावातल्या दुकानात, पेट्रोल पंपावर, जिथं बघावं तिथं भडक केशरी जाकिटं. कमरेच्या वरचे निम्मे कपडे तरी तसे झळझळीत केशरी किंवा गुलाबी असलेच पाहिजेत असा कायदा आहे, माणसाला माणूस दिसावा म्हणून.

आपल्याकडे हे केलं असतं तर मी तुरुंगात असते, हे मला ठाऊक आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आजोबांची ठासणीची बंदूक भिंतीवर गेली ती गेलीच. इथं मात्र सरकारच परवाने देतं. लांडगे आणि पुमा या भागातून माणसानं कधीच संपवले. शंभर वर्षांपूर्वी दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये हरणंही जवळजवळ संपली होती. ती परत आली, वाढली, आणि आता त्यांना खाणारं कोणी उरलं नाही. ओकची रोपं गुडघ्याच्या वर येत नाहीत. तिसऱ्या वर्षी तुमच्या जावयांच्या गाडीवर एक हरीण येऊन आदळलं होतं. काचेला तडा गेला एवढंच मी तुम्हाला सांगितलं होतं. गाडी भंगारात गेली होती.

पण मी स्वतःला फसवत नाही. ओकच्या रोपांसाठी मी झाडावर चढले नाही. मला मांस हवं होतं, आणि ते आपल्या हातानं मिळवता येतं का हे बघायचं होतं. रविवारी तू कोंबडी करतेस तेव्हा ती कोणीतरी कापलेली असतेच, पण हा वाद मी तुझ्याशी घालणार नाही. तो तू जिंकशील. हरणाचे डोळे कोंबडीला नसतात, असं म्हणशील.

जन्म 1973 च्या सुरुवातीनंतरचा असेल तर इथं सुरक्षेचा अभ्यासक्रम केल्याशिवाय परवाना मिळत नाही. मी तो बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या शेजारी बाकावर बसून केला. बंदूक कशी धरायची हे एका दिवसात कळलं. बाकीचा सगळा वेळ कधी गोळी झाडायची नाही, हे शिकण्यात गेला. धावत्या जनावरावर नाही. मागे काय आहे ते दिसत नसेल तर नाही, कारण गोळी हरणापाशी थांबत नाही. दुसऱ्याच्या राहत्या घरापासून शंभर यार्डांच्या आत, त्याला विचारल्याशिवाय, नाही. आणि हद्द. हद्दीवर शिकवणारा एक तास बोलला. बाबा, इथून पुढचं तुमच्यासाठी आहे.

इथली जमीन कशी मोजलीय ते तुम्हाला आवडेल. आपल्याकडे गट ओढ्याबरोबर वाकतो, कातळापाशी अडतो, वाटपात त्याचे तुकडे होतात. इथं 1785 च्या कायद्यानंतर सगळ्या मुलखावर पट्टी ठेवून रेघा ओढल्या. मैल बाय मैल असा चौकोन, त्याचे 640 एकर. त्याचा चौथा हिस्सा 160, आणि त्याचा परत चौथा हिस्सा 40. शेतकरी त्या तुकड्याला नुसतं 'फॉर्टी' म्हणतात. आपल्या एकरात चाळीस गुंठे, यांच्या फॉर्टीत चाळीस एकर. आमची अर्धी फॉर्टी आहे. डोंगर असो, दरी असो, रेघ सरळ जाते. त्यामुळे आमची उत्तरेची हद्द एका घळीत उतरून पुन्हा वर चढते आणि कुठल्याही जनावराला ती पटण्यासारखी नाही.

त्या रेघेवर जुनी काटेरी तार आहे, अर्धी गंजून पडलेली. पलीकडे एक म्हातारा. त्याच्या गायी होत्या, आता नाहीत. पहिल्या वर्षी मी आमची मचाण, म्हणजे झाडाला टेकवायची लोखंडी शिडी आणि वर बसायला फळी, तारेपासून वीस पावलांवर लावली होती आणि तोंड त्याच्या बाजूला. हरणं त्याच्या मक्याच्या शेतातून येतात ना. जागा आमची होती, नियमात बसत होतं. म्हातारा एक दिवस तारेपलीकडे येऊन उभा राहिला. मचाणीकडे बघितलं, मग मचाण जिकडे बघत होती तिकडे बघितलं. "छान दिसत असेल माझं शेत वरून," एवढंच म्हणाला आणि गेला. मला आधी राग आला, मग लाज वाटली. दुसऱ्या रविवारी आम्ही मचाण आत, ओकांच्या रांगेत हलवली, पाठ त्याच्याकडे करून. तिथून हरणं कमी दिसतात.

तर त्या शनिवारी साडेतीनच्या सुमारास ती मादी आली. इथं साडेचारला सूर्य बुडतो. आडवी उभी होती, मागे चढ. मी चाप ओढला त्याच क्षणी तिनं एक पाऊल पुढे टाकलं. गोळी खांद्यामागे लागायची ती पोटात लागली. आई, मला जे वाईट वाटायचं ते इथं वाटतं. मारल्याचं नाही, चुकल्याचं. छातीत लागली असती तर पन्नास पावलांत संपलं असतं.

ती पाठ वाकवून चालत गेली, धावली नाही. अर्धा तास वर बसून राहिले, मग खाली उतरले. बंदूक रिकामी करून घरी ठेवली आणि टॉर्च घेऊन आम्ही दोघं माग काढायला निघालो. सुक्या पानांवर रक्त शोधणं म्हणजे सांडलेली मोहरी वेचणं. एक थेंब, मग दहा पावलं काही नाही, मग एक पान खालून ओलं. असं करत करत तारेपाशी आलो. वरच्या तारेला केस अडकले होते. ती पलीकडे गेली होती.

तुमचे जावई म्हणाले, "चल, इथंच कुठंतरी पडली असेल. पाच मिनिटांचं काम. कोण बघतंय?"

विस्कॉन्सिनच्या कायद्यात जखमी जनावराच्या मागेसुद्धा दुसऱ्याच्या जागेत परवानगीशिवाय जाता येत नाही. पाटी लावलेली नसली तरी. मालक नको म्हणाला तर वॉर्डनला, म्हणजे शिकारीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी माणसाला, बोलावता येतं, पण तोही मालकावर सक्ती करू शकत नाही. आणि आणखी एक गोष्ट आहे, ती वाचून घाबरू नका. 2004 साली याच हंगामात, वर सॉयर काउंटीत, आग्नेय आशियातल्या ह्मोंग समाजातला एक शिकारी दुसऱ्याच्या जागेतल्या मचाणीवर बसलेला सापडला. मालकाकडची माणसं आली, बोलाचाली झाली, आणि सहा जणांचे जीव गेले. त्याला जन्मठेप झाली. आधी कोणी काय केलं यावर दोन्ही बाजूंचं शेवटपर्यंत जुळलं नाही. आमच्यासारख्या तोंडावळ्याच्या माणसांनी अंधारात दुसऱ्याच्या रानात टॉर्च मारत फिरू नये, हे मला कोणी शिकवावं लागत नाही.

पण खरं सांगू? मला अडवलं ते यातल्या कशानंच नाही. ते नंतर सांगते.

आम्ही गाडी काढून रस्त्यानं वळसा घालून म्हाताऱ्याच्या दारात गेलो. त्यानं सगळं ऐकलं. "कुठं लागली?" म्हणाला. मी रक्त लागलेला हातमोजा पुढे केला. त्यानं दिव्याखाली धरला, वास घेतला. "सकाळी या, उजाडल्यावर," आणि दार लावलं.

रात्रभर मी धुमसत होते. हरीण माझं, गोळी माझी, आणि हा आपल्या मालकीचा तोरा मिरवतोय. पहाटे कोल्हेकुई ऐकू आली, इथले कायोटी. उजाडल्यावर गेलो तर म्हातारा बूट घालून तयार. ती त्याच्या पाइनच्या झाडांत पडली होती, तारेपासून साठ पावलांवर, आणि मागची एक तंगडी कायोटींनी खाल्लेली. परत येताना तो सहज बोलावं तसं म्हणाला, की पोटात लागलेल्या हरणाच्या मागे लगेच गेलं की ते उठतं आणि मैलभर जातं, मग कुणालाच सापडत नाही. निवांत पडू द्यावं. म्हणजे त्यानं मला अडवलं होतं की शिकवलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. त्यालाही विचारलं नाही.

आजोबा सांगायचे ना बाबा, डुकराची पारध व्हायची तेव्हा हाकाऱ्यांचे वाटे, कुत्र्याचा वाटा, आणि ज्याच्या शेतात डुक्कर पडलं त्याचाही एक वाटा. मी म्हाताऱ्याला विचारलं. त्यानं मान हलवली, होय का नाही ते कळलं नाही. मांस अजून फ्रीझरमध्येच आहे. आमच्या भागात हरणांना मेंदूचा एक रोग आहे, 2002 मध्ये इथून जवळच पहिल्यांदा सापडला. माणसाला झाल्याचं आजवर कुठं आढळलेलं नाही, तरी तपासल्याशिवाय खाऊ नये म्हणतात. डोकं सरकारी पेटीत नेऊन टाकलं, तपासणी फुकट असते. अहवाल अजून यायचा आहे. आई, तेव्हा मार्गशीर्षात माझ्या घरात कोणी ते तोंडाला लावलेलं नाही, एवढं तरी समाधान मान.

आता ते नंतरचं.

बाबा, तारेला केस अडकलेले बघून मला आपल्या हद्दीवरचा दगडी गडगा आठवला. 1991 चा मे. आदल्या पावसात काकांच्या बाजूचा गडगा ढासळला होता आणि तुम्ही तो रात्री रचायला घेतलात, दिवसा ऊन असतं म्हणून. मी नऊ वर्षांची. कंदील माझ्या हातात होता. तुम्ही जुन्या पायावर दगड ठेवले नाहीत. हातभर पुढे घेतलेत, ओढ्यापासून फणसापर्यंत. मी विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "दगड आपलेच आहेत." फणस आजोबांनी लावलेला, वाटपात काकांकडे गेलेला. तुम्हाला तो सहन झाला नाही, हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच कळलं की कंदील जरा खाली धरायचा असतो.

काका काही बोलले नाहीत. आई दरवर्षी काकीकडे गरे पाठवायची, ताटलीवर केळीचं पान झाकून, मागल्या दारानं, माझ्याच हातून. काकी ताटली रिकामी कधी परत देत नसे. आई, बाबांना हे ठाऊक नव्हतं असं तुला वाटत असेल तर तुझी मर्जी.

मागच्या महिन्यात तू म्हणालीस, काकीच्या मुलानं मोजणीचा अर्ज टाकलाय. बाबा मागून ओरडले, "टाकू दे, चौतीस वर्षांत कोणी बोललं नाही ते आता काय बोलणार." बाबा, भूमी अभिलेखचा माणूस यंत्र लावेल आणि हातभराचा हिशेब दहा मिनिटांत निघेल. चार माणसांसमोर निघेल, तुमचे दोन विद्यार्थी त्यात पंच म्हणून उभे असतील. त्याआधी तुम्ही काकीकडे जावं असं मला वाटतं. पुढल्या दारानं. काय बोलायचं ते तुम्हाला मी सांगायला नको. काकी कदाचित दार लावून घेईल. कदाचित फणस तुम्हालाच ठेवा म्हणेल, तेही अवघडच जाईल.

दगड हलवायचे झाले तर गड्यांना लावू नका, आणि तुमच्या गुडघ्यांनी तर मुळीच नको. मी एप्रिलमध्ये येतेय, तिकीट काढलंय. जुना पाया कुठं आहे ते मला माहीत आहे. वर माती चढली असेल, पण फणसाच्या बुंध्यापासून मी तेव्हा पावलं मोजली होती.

मोजणीची तारीख कळली की आई, तू फोन कर. बाबा सांगायचे नाहीत.

धाकटी विचारतेय, आज्जीचा राग गेला का. तिला काय सांगू तेही कळव.

तुमची,
बाय